नारू गेला, त्याचा धडा जाऊ नये

मराठीतून एखादा शब्द गेला की मला वाईट वाटतं. मोट गेली, नाडा गेला, कणगी गेली, उतरंड गेली. मात्र एक शब्द असा आहे की तो गेला याचा मला मनापासून आनंद आहे. तो शब्द म्हणजे 'नारू'.

तिशी-पस्तिशीतल्या कुणालाही विचारून बघा. वाचनाची आवड असलेला एखादा 'कारू-नारू' सांगेल. म्हणजे बलुतेदार ते कारू आणि अलुतेदार ते नारू. त्याचं चूक नाही, तोही अर्थ आहेच. पण आमच्या पिढीला नारू म्हटलं की आठवतो तो पायातून निघणारा पांढरा दोरा. हातभर, कधी त्याहूनही लांब. काडीला गुंडाळून रोज दोन-चार बोटं बाहेर काढायचा आणि तुटला तर रामा शिवा गोविंदा!

आज हा विषय काढायचं कारण असं, की गेली काही वर्षं महाराष्ट्रात जुन्या बारवांवर फार प्रेम उतू चाललंय. ते मला आवडतंच. पण त्या प्रेमाच्या जोडीला मोबाईलवर एक मजकूर फिरत असतो : पूर्वीचं पाणी कसं शुद्ध होतं, आपले पूर्वज थेट बारवेत उतरून ओंजळीने पाणी प्यायचे, त्यांना कुठे फिल्टर लागत होते, वगैरे वगैरे. आमच्या नात्यातल्याच तिघांनी मला तो पाठवला (नावं सांगत नाही, वाचतील तेव्हा समजेल!). एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं इथेच सविस्तर लिहावं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. बारवा जरूर वाचवा. पण त्या बारवांच्या पायऱ्यांवर काय घडत होतं तेही मुलांना सांगा. नुसतं सौंदर्य सांगाल तर ते अर्धं सत्य होईल.

नारू म्हणजे नेमकं काय?

शाळेत चाळीस मिनिटांच्या तासात सांगितलं असतं तसंच सांगते.

गोड्या पाण्यात एक बारीक जीव असतो, सायक्लॉप्स. आकार एक ते दोन मिलिमीटर. उन्हात काचेचा पेला धरला तर पांढरा ठिपका टुणटुण उड्या मारताना दिसेल, एवढाच. त्याला एकच डोळा, म्हणून ग्रीक कथांमधल्या एकडोळ्या राक्षसाचं नाव त्याला दिलं. हा खेकडा, झिंगा यांचा भाऊबंद, म्हणजे कवचधारी प्राण्यांपैकी. नारूच्या जंताची सूक्ष्म अळी पाण्यात पडली की हा सायक्लॉप्स तिला खातो. अळी मरत नाही. त्याच्या पोटात ती दोनेक आठवड्यांत तयार होते आणि वाट बघत बसते. कुणाची? तर ते पाणी पिणाऱ्या माणसाची.

माणसाने पाणी प्यायलं की पोटातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि अळ्या सुटतात. त्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडून शरीरात वाढतात. नर-मादीचं मीलन झालं की नर मरून जातो. मादी मात्र वाढत राहते, थेट ६० ते १०० सेंटीमीटरपर्यंत. आणि हे सगळं होईपर्यंत माणसाला पत्ता नाही! साधारण वर्षभराने पायावर, बहुधा घोट्याच्या आसपास, एक फोड येतो. आगीचा चटका लागल्यासारखी आग होते. माणूस काय करील? पाय थंड पाण्यात बुडवील. त्या जंतालाही तेच हवं असतं. पाणी लागलं की फोड फुटतो आणि मादी त्या पाण्यात लाखो अळ्या सोडते. पुढे सायक्लॉप्स, मग दुसरा माणूस, आणि चक्र पुन्हा सुरू.

यातली मेख लक्षात घ्या. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला शिवून होत नाही, हवेतून होत नाही. त्याला एक जागा लागते, जिथे दुखरा पाय आणि पिण्याचं पाणी एकत्र येतील. आडावर पाय पाण्याला लागत नाही, रहाटावरून किंवा दोरीने पाणी वर येतं. नदी वाहती असते. पण बारवेत माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभा राहतो आणि त्याच पाण्यात घागर बुडवतो. म्हणून आपल्याकडे नारूचं घर म्हणजे पायऱ्यांची विहीर.

डॉक्टरलाही औषध नव्हतं

राहात्याहून शिर्डी हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे श्रीसाईसच्चरित घरोघरी असतं. त्याच्या ३४ व्या अध्यायात डॉ. पिल्ले यांची कथा आहे. त्यांच्या पायाला एकदम सात नारू झाले होते. वेदना इतक्या, की हे दुःख पुढच्या दहा जन्मांत वाटून द्यावं पण आता सोडवावं, असं बाबांना सांगण्यासाठी त्यांनी काकासाहेब दीक्षितांकडे विनवणी केली. पुढे मशिदीत अब्दुलचा पाय चुकून त्यांच्या सुजलेल्या पायावर पडला आणि ते नारू बाहेर आले, असं त्या कथेत आहे.

कथा भक्तीने वाचणारे भक्तीने वाचोत, मीही तशीच वाचते. पण शिक्षिकेची नजर एका साध्या तपशिलावर अडकते : पिल्ले स्वतः डॉक्टर होते. ज्या माणसाने वैद्यकीचं शिक्षण घेतलं त्याच्याकडेही या दुखण्यावर उपाय नव्हता. आणि खरं सांगू का, आजही नाही! नारूवर ना लस आहे, ना जंत मारणारं खात्रीचं औषध. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांनी याला 'स्नायुक' असं नाव देऊन ठेवलं होतं. नाव होतं, वर्णन होतं, काडीला गुंडाळून काढायची रीत होती. माहीत नव्हतं ते एवढंच, की हा येतो कुठून.

ते शोधलं अलेक्सेई फेदचेन्को या तरुण रशियन शास्त्रज्ञाने. मध्य आशियात काम करताना १८७० साली त्याला दिसलं की अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरतात. (बिचारा २९ व्या वर्षी आल्प्समध्ये गेला.) पण अशा सायक्लॉप्सचं पाणी प्यायल्याने माणसाला खरोखर नारू होतो का, हे प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवायचं राहिलं होतं. ते दाखवलं एका मराठी माणसाने, आपल्या मुंबईत! ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं आडनाव 'तुर्खुद' असं दिसतं. परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे १९२५ पासून जिला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो तिथे, त्यांनी १९१३ साली हा प्रयोग केला. स्वयंसेवकांना अळ्या असलेले सायक्लॉप्स पाण्यातून दिले आणि नारू झाल्याचं सिद्ध केलं.

तर्खडांचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? मी बी. ए. मराठीची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण माहीत, पण या तर्खडांचं नाव निवृत्त झाल्यावर एका पुस्तकात वाचलं.

परळ ते बारव

१९१३ हे साल जरा ध्यानात ठेवा.

माझं आजोळ मराठवाड्याच्या हद्दीजवळचं. गावात एकच बारव, चिरेबंदी, देवळीत गणपती, आत पायऱ्या. सुटीत आम्ही जायचो तेव्हा तिचं काय कौतुक वाटायचं! १९६० च्या सुमारास माझ्या मावशीच्या पायाला नारू झाला. एका पायाला दोन. वैशाखातले दिवस. पाणी तळाला गेलेलं, त्यामुळे जास्त पायऱ्या उतरायच्या. पाय सुजून खांबासारखा झालेला. तरी ती रोज चार खेपा करायचीच. कारण घरात दुसरं पाणी आणणारं कोणी नव्हतं. पुरुष पाणी आणत नसत (का, ते विचारू नका). तळाच्या पायरीवर ती घोटाभर पाण्यात उभी राहायची, पायाची आग शमेपर्यंत क्षणभर डोळे मिटायची आणि मग घागर भरायची. 'तेवढंच बरं वाटतं गं' म्हणायची.

तेवढंच बरं वाटत होतं आणि तेवढ्यातच पुढच्या वर्षीचे नारू पाण्यात उतरत होते, हे तिला कोण सांगणार? गावाला एवढं मात्र कळलं होतं, की 'हिचा पाय वाईट आहे'. कुणीतरी म्हणालं, हिने बारव नासवली. दुसऱ्या वर्षी आळीत पाच-सहा जणांना नारू झाला तेव्हा ते बोलणं आणखी वाढलं. पापाचं फळ, कुणाची तरी हाय, बारवेतल्या आसरांचा कोप... काय काय बोलले लोक! मावशी पुढे कित्येक वर्षं त्या बोलण्याने खाली मान घालून वावरली. पाय बरा झाला, पण घोटा कायमचा आखडला.

आता हिशेब करा. परळला १९१३ साली जे सिद्ध झालं ते १९६० मध्ये तीन-चारशे किलोमीटरवरच्या त्या बारवेपर्यंत पोचलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं : 'फोड आलेला पाय पाण्यात घालू नका आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या.' बस्स. त्याला ना वीज लागत होती, ना पैसा. लुगड्याचा धुतलेला तुकडा प्रत्येक घरात होता. देशाने नारूविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तो १९८३-८४ मध्ये. म्हणजे ज्ञान परळहून आमच्या बारवेत उतरायला ७० वर्षं लागली.

म्हणून मला 'संशोधन झालं' एवढ्याने समाधान होत नाही. जे ज्ञान प्रयोगशाळेच्या अहवालात आहे आणि पाणवठ्यावर नाही, ते पाणवठ्यावरच्या बाईच्या दृष्टीने झालेलंच नसतं. त्यांच्या मधला रस्ता शाळेतून जातो असं मी जन्मभर मानत आले.

गेला कसा?

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले, ७ राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत. त्यात आपला महाराष्ट्र होता. पुढे जे झालं त्यात चमत्कार काहीच नाही, आणि मला तेच फार मोठं वाटतं. घरोघर फिरून रुग्ण शोधले. फोडावर पट्टी बांधली आणि पाण्यात उतरू नका म्हणून समजावलं. फडकी वाटली. पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस ठरावीक प्रमाणात टाकलं. आणि बारवांच्या पायऱ्या बंद करून वर कठडे बांधले, म्हणजे पाणी ओढूनच काढावं लागेल.

याच्या जोडीला हातपंप आले. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे बोअर आणि हातपंप गावोगाव दिसू लागले हे माझ्या पिढीने पाहिलंय. तो दणकट, लांब दांड्याचा 'इंडिया मार्क टू' पुढे जगभर गेला. त्याचं मूळ आपल्या सोलापूर पंपात आहे, आणि त्याआधी जालन्यातल्या मिशनच्या पंपात. सोलापूर आणि जालना! आपल्या दुष्काळी पट्ट्याने जगाला दिलेली ही देणगी. जमिनीखालचं पाणी नळीतून वर आलं की त्यात ना पाय, ना सायक्लॉप्स.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षं वाट पाहून, खात्री करून, जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. देवी गेली तेव्हा निदान लस होती. पोलिओला थेंब होते. नारू घालवला तो फडकं, कठडा, हातपंप आणि घरोघर फिरणाऱ्या माणसांच्या जिभेने. त्या कर्मचाऱ्यांचा पुतळा कुठे नाही. नसू दे. पण त्यांची गोष्ट तरी असावी की नाही?

बारवप्रेमींना दोन शब्द

आता मूळ मुद्दा. रोहन काळे या तरुणाने सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे राज्यभरातल्या बारवांची नोंद होतेय, गावकरी गाळ उपसताहेत, महाशिवरात्रीला दिवे लावताहेत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची ती चक्राकार पायऱ्यांची बारव मी फोटोत पाहिली आणि थक्क झाले. २०१८ पासूनच्या शंभराच्या नोटेवर तर पाटणची राणी की वाव छापलीय. आणि आपल्या जिल्ह्याला २०२४ पासून जिचं नाव आहे त्या अहिल्यादेवींनी देशभर वाटसरूंसाठी विहिरी, बारवा, घाट बांधले. चौंडी आपल्याच जिल्ह्यातलं. तेव्हा बारवेविषयी वाकडं बोलायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. तहानलेल्या माणसाला, जनावराला पाण्यापर्यंत चालत जाता यावं, ही पायऱ्यांमागची भावना थोरच होती.

पण मायबापहो, थोर भावनेने बांधलेल्या पायरीवरूनही रोग उतरू शकतो. बांधणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याच्या काळात सायक्लॉप्स कुणाला दिसत होता? दोष आपला तेव्हा होईल, जेव्हा माहीत असूनही आपण मुलांना 'पूर्वीचं पाणी अमृत होतं' असं शिकवू.

'आमचे आजोबा बारवेचं पाणी पिऊन ९० वर्षं जगले' असं कुणी म्हणालं की मी विचारते, आजोबांची भावंडं किती होती आणि त्यातली किती मोठी झाली? जे जगले त्यांचं आपण ऐकतो. जे पटकीत गेले, ज्यांचे पाय आखडले, त्यांच्या आठवणींचे मजकूर मोबाईलवर फिरत नाहीत.

'पण आता नारू नाही ना, मग कशाला घाबरवता?' असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे, घाबरू नका. नारूचा रुग्णच नसेल तर नुसत्या सायक्लॉप्सने नारू होत नाही. पण उघड्या पाण्यात उतरण्याने आणि तेच पिण्याने होणारे रोग संपलेले नाहीत. कावीळ, हगवण, विषमज्वर यांना प्रमाणपत्र देऊन कुणी निरोप दिलेला नाही. उन्हाळ्यात टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि तेच पाणी बायका शेंदतात, हे चित्र आपल्या जिल्ह्यालाही नवीन नाही.

खेकड्याकडून एक दाखला

अमेरिकेत असलेला माझा भाचा विचारत होता, की तिथल्या नद्यांमध्ये क्रेफिश म्हणून एक झिंग्यासारखा प्राणी असतो, तो आपल्याकडे असतो का? नाही, आपल्या नद्यांचा तो मूळ रहिवासी नाही. आपल्याकडे त्याच्या जागी ओढ्या-शेतातला खेकडा. पण या क्रेफिशची गोष्ट आपल्या विषयाची सख्खी बहीण आहे.

त्याच्या आणि गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या मांसात काही देशांत फुप्फुसाचा एक चपटा कृमी असतो. आधी तो गोगलगायीत वाढतो, मग खेकड्यात किंवा क्रेफिशमध्ये येतो, आणि तो खेकडा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला की माणसाच्या आतड्यातून वर चढून फुप्फुसात घर करतो. खोकला, रक्ताची थुंकी... सगळी लक्षणं क्षयासारखी. आपल्या मणिपूर, नागालँड, अरुणाचलात असे रुग्ण सापडले आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना आधी क्षयाचीच औषधं दिली गेली. कोरियात पूर्वी गोवर आलेल्या मुलांना कच्च्या क्रेफिशचा रस औषध म्हणून पाजत आणि त्यातूनच हा कृमी मुलांच्या पोटात जाई. आणि अमेरिकेसारख्या देशात, मिसुरी राज्यात, २००६ ते २०१० या काळात ९ जणांना तो झाला. बरेच जण नदीवर सहलीला गेलेले, मौजेखातर किंवा पैजेवर कच्चा क्रेफिश खाल्लेले. म्हणजे अडाणीपणा हा गरिबीचाच दागिना आहे असं नाही!

आपल्याकडे खेकडा कच्चा खात नाहीत, हे आपलं शहाणपण. पावसाळ्यात सर्दी-खोकल्याला खेकड्याचा झणझणीत रस्सा करतात, तो चांगला उकळलेला असतो. मात्र नांग्या-पाय पाट्यावर वाटून रस गाळायची पद्धत आहे. तेव्हा सुनांनो आणि लेकींनो (आणि आता स्वयंपाक करणाऱ्या मुलांनोही), त्यानंतर पाटा, वरवंटा, हात आणि ते फडकं नीट धुवा, मगच कोशिंबिरीला हात लावा. जपानमध्ये खेकडे ठेचताना उडालेल्या रसाने आणि भांड्यांमुळे लोकांना हा कृमी झाल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. मिक्सर असेल तर मिक्सरचं भांडंही तसंच.

सायक्लॉप्स काय, खेकडा काय, एकाच कुळातले दोन भाऊ. दोघांचंही आपल्याशी वैर नाही. त्यांच्या पोटातला पाहुणा आपल्यापर्यंत येतो तो आपल्या सवयीच्या दारातून. ते दार ओळखलं आणि लावलं, की संपलं.

माझं पाणी आणि गावाचं पाणी

आणि आता जे मला खरं टोचतं ते सांगते. मावशीच्या गावात एकीचा पाय दुखला तर पुढल्या वर्षी सगळ्या आळीचे पाय दुखायचे. म्हणून उपायही सगळ्या गावाने मिळून करावा लागला. दहा घरांनी पाणी गाळलं आणि अकराव्याने नाही गाळलं तर तो अकरावा पुन्हा बारव दूषित करणार. त्यामुळे त्या कर्मचाऱ्यांना शेवटच्या घरापर्यंत जावंच लागलं, मग ते घर गावकुसाबाहेरचं का असेना. पाण्याच्या बाबतीत आपल्या समाजाचा इतिहास काय आहे ते २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जगाने पाहिलं. ज्या गावांनी माणसांना पाणवठ्यावर उतरू दिलं नाही, त्याच गावांना नारू घालवायचा तर सगळ्यांच्या पाण्याचा विचार करावा लागला.

आज काय दिसतं? ज्याला परवडतं त्याच्या ओट्यावर शुद्धीकरणाचं यंत्र. ज्याला थोडं परवडतं त्याच्या दारात वीस लिटरचा जार. लग्नात जार, सभेत जार, दहाव्यालाही जार. ज्याला परवडत नाही तो जे मिळेल ते पितो. आणि ज्यांच्या घरी यंत्र आहे ते ग्रामसभेत पाण्याच्या टाकीत क्लोरीन पडतं की नाही हे विचारायला जात नाहीत, कारण त्यांचं भागलेलं असतं. मी यंत्राच्या विरुद्ध नाही, माझ्याही घरी आहे. पण यंत्राने माझं पाणी शुद्ध होतं, गावाचं नाही. नारू यंत्राने गेला नसता. तो गेला कारण काही वर्षं का होईना, आपण सगळ्यांचं पाणी एकच आहे असं वागलो.

जगात नारू अजून पूर्ण संपलेला नाही. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये १५. फक्त १५! अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी या कामाला आयुष्याची शेवटची अनेक वर्षं दिली. नारूचा शेवटचा जंत माझ्याआधी मरावा अशी त्यांची इच्छा होती. ते २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी गेले. इच्छा थोडक्यात राहिली. आफ्रिकेतल्या चाडसारख्या देशात आता कुत्र्यांमध्ये तो जंत सापडतो, त्यामुळे काम लांबलंय. तिथेही शस्त्र तेच, गाळणं. गळ्यात अडकवायची जाळीची नळी, तिच्यातून पाणी ओढून प्यायचं. मालीतले डोगोन लोक नारूला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात, कारण ऐन शेतीच्या दिवसांत माणूस अंथरुणावर. हे नाव वाचलं तेव्हा मला ते आपल्याच गावचं वाटलं. पेरणीच्या तोंडावर पाय धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

असो. फार लांबलं. शिक्षकाला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही म्हणतात ते खोटं नाही :)

शेवटी तीन मागण्या. जिथे जिथे बारव स्वच्छ होईल तिथे एक छोटी पाटी लावा. बारव कोणी, कधी बांधली हे तर लिहाच, पण खाली दोन ओळी हेही लिहा, की इथून नारू पसरायचा आणि गावाने तो असा घालवला. पायऱ्या बंद करणाऱ्या त्या कठड्यांकडे 'वारशाची नासधूस' म्हणून बघू नका. तोही आता वारसाच आहे, तो पाडण्याआधी का बांधला होता ते विचारा. दुसरी मागणी शिक्षक मंडळींना : दुहेरी फडकं, एक पेला विहिरीचं पाणी आणि एक साधं भिंग, एवढ्यात सायक्लॉप्स दाखवता येतो. मुलांना तो एकडोळ्या एकदा दाखवा. तर्खडांचं नाव सांगा. आणि तिसरी नातेवाइकांना : पुढच्या वेळी 'पूर्वीचं पाणी अमृत' हा मजकूर आला तर मला पाठवू नका, घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते मला कळवा.

तुमच्या घरात, गावात कुणाला नारू झाल्याची आठवण असेल तर जरूर लिहा. कुठलं गाव, कुठली विहीर, कुणी काय उपाय केला. ती माणसं आता थोडी उरली आहेत.